चिनी देवांचं खातेवाटप

चिनी देवांबद्दल काहीही वाचायला घेतलं की आधी यादी समोर येते. ग्वान यू युद्धाचा देव, मात्सू समुद्राची देवी, त्साइशेन संपत्तीचा, झाओजुन चुलीचा. मंत्र्यांना खाती वाटावीत तसं एकेका देवाला एकेक खातं वाटलेलं. यादी लक्षात ठेवायला सोपी असते, पण ती घेऊन एखाद्या देवळात गेलं तर समोर चाललेल्या गोष्टींचा उलगडा होत नाही. युद्धाच्या देवाला दुकानदार का हात जोडतात? समुद्राच्या देवीपुढे मुलाच्या परीक्षेचं गाऱ्हाणं का घालतात? गैरसमज पुष्कळ आहेत, पण त्यांतले बरेचसे या यादीतूनच उगवतात.

ग्वान यूचंच बघू. शान्शी प्रांतातल्या श्ये इथला हा सेनापती. इ.स. २२० च्या सुरुवातीला तो शत्रूच्या हाती सापडला आणि त्याचा शिरच्छेद झाला. तो मोठा योद्धा होता, पण युद्ध जिंकून देणारा म्हणून कोणी त्याला पूजत नाही. त्याची ख्याती दिलेल्या शब्दाची आहे. शपथेने भाऊ मानलेल्या ल्यू पेइशी तो अखेरपर्यंत इमानाने वागला. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं आपोआप जुळतं. व्यापार विश्वासावर चालतो, म्हणून शान्शीचे व्यापारी जिथे जिथे गेले तिथल्या आपल्या संघाच्या वाड्यात त्यांनी ग्वान यूची स्थापना केली, आणि तो धनदेवांतही मोजला जाऊ लागला. हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांत त्याचा देव्हारा असतो, आणि तिथल्या गुन्हेगारी टोळ्याही त्याच्याच साक्षीने शपथा घेतात. यात विसंगती शोधायला जाऊ नये, कारण दोघांनाही आपापल्या साथीदारांचं इमान हवं असतं. बौद्ध विहारांत तो विहाराचा रक्षक म्हणून उभा असतो. मिंग सम्राट वानलीने १६१४ मध्ये त्याला सम्राटपदाची पदवी दिली, म्हणजे मृत्यूनंतर जवळपास १४०० वर्षांनी बढती. ‘युद्धाचा देव’ या दोन शब्दांत यातलं काहीच मावत नाही.

याच उदाहरणात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे: यातले बहुतेक देव एके काळी माणसं होती. ज्यांचा जन्म, गाव, घराणं, मृत्यू सांगता येतो अशी माणसं. मात्सू म्हणजे फुच्यान प्रांतातल्या पूथ्येनजवळच्या मेइचौ बेटावरची लिन मो नावाची मुलगी. परंपरेने तिचा जन्म ९६० सालचा आणि मृत्यू ९८७ चा मानतात. ती लग्न न करता तरुणपणीच गेली. कुळाच्या हिशेबात अशा मुलीला पूर्वजांच्या फलकावर नाव नाही आणि पिंड देणारं कोणी नाही. सर्वसाधारण समजुतीप्रमाणे तिचं भूत व्हायला हवं होतं. ती देवी झाली, कारण बुडत्या कोळ्यांना तिचा अनुभव आला आणि तो पुन्हा पुन्हा येत राहिला.

या अनुभवाला चिनी शब्द आहे ‘लिंग’. आपल्या लिंग शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. अर्थ सांगायला मराठीत ‘जागृत’ हा शब्द अगदी नेमका आहे. देव पावतो की नाही, गाऱ्हाण्याला उत्तर देतो की नाही, एवढाच प्रश्न. देव नैतिकदृष्ट्या किती थोर, विश्व कोणी निर्माण केलं, कोणत्या ग्रंथात काय लिहिलंय, या गोष्टी देऊळ भरण्याच्या किंवा ओस पडण्याच्या आड येत नाहीत. तैवानमध्ये बेवारस हाडं सापडली की त्यांच्यासाठी छोटी घुमटी बांधतात. त्यातला जो पावतो त्याच्या घुमटीचं देऊळ होतं, त्याला नाव मिळतं, वाढदिवस मिळतो. न पावणाऱ्याची घुमटी तशीच राहते. भूत आणि देव यांच्यातली भिंत इतकी पातळ आहे.

मग राज्यसत्ता येते. १९ व्या शतकापर्यंत चिनी दरबार देवांना पदव्या देत होता, बढत्या देत होता, आणि न पटणारी देवळं पाडतही होता. मात्सूला पहिली राजमान्यता ११२३ ची. कोरियाला गेलेल्या सोंग दरबाराच्या वकिलाची जहाजं वादळात सापडली, त्यातून तो वाचला, आणि त्याचं श्रेय तिला मिळून तिच्या देवळाला राजफलक मिळाला. पुढे युआन काळात ती स्वर्गाची राजस्त्री झाली आणि चिंग काळात स्वर्गाची सम्राज्ञी. ‘थ्येनहौ’ हे तिचं नाव त्या शेवटच्या पदवीतून आलंय. हाँगकाँगच्या नकाशावर दिसतं ते हेच.

नगरदेव छंगह्वांगच्या बाबतीत तर सरळ शासकीय श्रेणीच होती. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने १३६९ मध्ये सगळ्या शहरांच्या नगरदेवांना दर्जे ठरवून दिले. मोठ्या जिल्ह्याचा नगरदेव ड्यूकच्या दर्जाचा, त्याखालचा मार्क्विसच्या, तालुक्याचा काउंटच्या. पुढच्याच वर्षी त्याने या पदव्या काढून घेतल्या आणि मूर्तींच्या जागी लाकडी फलक ठेवायला सांगितलं. लोकांनी मूर्ती सोडल्या नाहीत. नगरदेव ही व्यक्ती नसून पद आहे, हे इथे समजून घ्यायला हवं. शांघायच्या नगरदेवाच्या पदावर छिन यूपो (१२९५–१३७३) हा अधिकारी आहे, आणि पहिल्या अफू युद्धात १८४२ मध्ये वूसोंगच्या किल्ल्यावर लढताना पडलेला सेनापती छन ह्वाछंग याचीही स्थापना विसाव्या शतकात त्याच देवळात झाली. ‘छंगह्वांग कोण होता?’ असं विचारणं म्हणजे ‘कलेक्टर कोण होता?’ असं विचारण्यासारखं आहे. कोणत्या गावचा आणि कोणत्या काळचा, हे आधी सांगावं लागतं.

या दरबारी चित्रामुळे उलटा गैरसमजही होतो. जेड सम्राट हा जणू चिन्यांचा परमेश्वर, आणि बाकी सगळे त्याचे कारकून. लोकांच्या मनातला स्वर्ग खरोखरच दरबारासारखा आहे आणि त्याच्या गादीवर जेड सम्राटच बसतो. पण ताओ पंथाच्या शास्त्रात त्याच्या वर ‘तीन शुद्ध’ नावाचे देव आहेत, आणि त्याचं महत्त्व वाढवलं ते सोंग सम्राट झेनझोंगने (राज्यकाळ ९९७–१०२२). शिवाय सगळे देव या नोकरशाहीत बसत नाहीत. मात्सू, करुणेची ग्वानयिन, अग्निचक्रांवर धावणारा पोरसवदा नेझा, फुच्यानमध्ये ज्याची खरोखर देवळं आहेत तो वानरदेव सुन वूखोंग, हे कोणाचे अधिकारी नाहीत. कार्यालयात अर्ज घेऊन जातात तसं लोक त्यांच्याकडे जात नाहीत. आईकडे जावं तसं, किंवा धीट भावाकडे जावं तसं जातात.

‘हा ताओ धर्म का बौद्ध?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वाचक विचारतो. प्रश्नच चुकीच्या जागी आहे. ताओ पंथात दीक्षा घेतलेले पुरोहित असतात, त्यांची पोथी आणि परंपरा असते, आणि तिची सुरुवात इ.स. १४२ मध्ये झांग ताओलिंगला झालेल्या साक्षात्कारापासून मोजतात. गावचं देऊळ मात्र बहुधा त्या पुरोहितांच्या मालकीचं नसतं. ते गावकऱ्यांच्या समितीचं असतं. वर्गणी समिती काढते, मिरवणूक समिती ठरवते, आणि मोठा विधी करायचा असला की ताओ पुरोहिताला दक्षिणा देऊन बोलावते. मृताच्या विधीला तेच घर बौद्ध भिक्षू बोलावतं. सभासदत्व कुठेच नाही. ‘धर्म’ या अर्थाने वापरला जाणारा ‘झोंगच्याओ’ हा शब्दही चिनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानीतून आला, आणि त्याच्याच जोडीला ‘मिशिन’ म्हणजे अंधश्रद्धा. १९२८ मध्ये राष्ट्रवादी सरकारने कोणती देवळं ठेवायची आणि कोणती बंद करायची याचे निकषच जाहीर केले. आज चीनच्या मुख्य भूमीवर सरकारमान्य धर्म पाच आहेत: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. सगळ्यात जास्त घरांत पाळली जाणारी ही पूजा त्या पाचांत नाही. म्हणून चिनी माणसाला ‘तुमचा धर्म कोणता?’ विचारलं तर ‘कुठलाच नाही’ असं उत्तर येतं, आणि त्यावरून हे लोक नास्तिक आहेत असा निष्कर्ष काढला जातो. ‘गेल्या वर्षी वडिलांच्या थडग्यावर गेला होता का? घरात धूप लावता का?’ असं विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

आता मराठी वाचकाला विशेष रस वाटावा असा भाग. यातल्या काही देवतांची नावं आपल्याला ओळखीची आहेत, फक्त चिनी उच्चारात ती हरवतात. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच. चीनमध्ये तांग काळापर्यंत त्याचं चित्र मिशा असलेल्या पुरुषाचं सापडतं. नंतर तो स्त्रीरूपात गेला, आणि होनान प्रांतातल्या श्यांगशान मंदिरात ११०० साली कोरलेल्या शिलालेखात म्याओशान या राजकन्येची कथा त्याच्याशी जोडलेली दिसते. आजारी बापासाठी आपले हात आणि डोळे काढून देणारी, बापाने टाकलेली मुलगी. म्हणून ‘ग्वानयिन ही चिनी देवी’ आणि ‘ग्वानयिन हा भारतीय बोधिसत्त्व’ ही दोन्ही विधानं अर्धी आहेत. नेझाचं नाव कुबेराचा मुलगा नलकूबर याच्यावरून आलं. त्याचा बाप ली जिंग याच्या हातात छोटा मनोरा असतो, कारण तो मुळात वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर. तांग काळातल्या ली जिंग (५७१–६४९) या खऱ्या सेनापतीशी त्याची सरमिसळ झाली.

आणि येनलुओ म्हणजे यमराज. तो चिनी पाताळाचा राजा, असं सर्रास लिहितात. पाताळात दहा न्यायालयं आहेत, दहा राजे आहेत, आणि येनलुओ त्यांतल्या पाचव्याच न्यायालयात बसतो. याचा हिशेब मृत्यूनंतरच्या विधींत उघड दिसतो. दर सातव्या दिवशी एक, असे ४९ दिवसांत सात राजे, १०० व्या दिवशी आठवा, वर्षाला नववा, तिसऱ्या वर्षी दहावा. पाचव्या सप्तकाला, म्हणजे ३५ व्या दिवशी, घरचे लोक विशेष काळजी घेतात, कारण त्या दिवशी सुनावणी येनलुओपुढे असते. दहावा राजा जन्माचं चक्र फिरवतो आणि आत्मा पुन्हा जन्माला जातो, जाण्याआधी मंग आजीच्या हातचं विस्मरणाचं सूप पिऊन. म्हणजे हा कायमचा नरक नाही. ही तारखांवर तारखा पडणारी कचेरी आहे, आणि घरच्यांनी केलेले विधी मृताच्या बाजूने काम करतात. मृतासाठी जाळायच्या कागदी नोटांवर इंग्रजीत ‘हेल बँक’ छापलेलं असतं, ते वाचून पाहुणे दचकतात: आपल्याच आजोबांना नरकात गेलेलं धरतात? मूळ चिनी शब्दाचा अर्थ फक्त ‘मृतांचं जग’ असा आहे. घोळ भाषांतराचा आहे.

पूर्वज हेही देव, हा गैरसमज तर राजकारणापर्यंत गेला होता. चिनी ख्रिस्ती लोकांनी पूर्वजांच्या फलकापुढे वाकावं की नाही यावर रोममध्ये शतकभर वाद झाला. १७१५ मध्ये पोपने ते निषिद्ध ठरवलं आणि १९३९ मध्ये ती बंदी सैल झाली. पूर्वज, देव आणि भुतं या तीन वेगळ्या जाती आहेत. पूर्वज आपल्या घरातले, देव सत्ताधारी, आणि भुतं म्हणजे ज्यांना जेवू घालणारं कोणी नाही असे दुसऱ्यांचे मृत. हा फरक समजून घ्यायला तत्त्वज्ञान लागत नाही. ताट, धूप आणि कागद पाहिले की पुरे.

ताटापासून सुरुवात करू. फुच्यान आणि तैवानच्या रिवाजात देव जितका मोठा आणि दूरचा, तितका नैवेद्य अख्खा आणि कच्चा. जेड सम्राटाच्या पूजेला अख्खं कच्चं डुक्कर मांडतात. गावच्या भूमिदेवाला, तुदीगोंगला, अर्धवट शिजवलेलं. पूर्वजांना रोजच्यासारखं पूर्ण शिजवून, कापून, भाताची वाटी आणि चॉपस्टिक्स मांडून. देवापुढे चॉपस्टिक्स ठेवत नाहीत. भुतांचं ताट घराबाहेर. ग्वानयिनला मांस अजिबात नाही. जेड सम्राटाला दोन टेबलं मांडतात, वरच्यावर शाकाहारी आणि खालच्यावर मांसाहारी पदार्थ. वरचं त्याचं स्वतःचं, खालचं त्याच्या परिवाराचं. इथे हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे वेळ. त्याचा वाढदिवस पहिल्या महिन्याच्या नवमीला, पण जुन्या गणनेत दिवस रात्री ११ वाजता बदलतो. त्यामुळे पूजा अष्टमीच्या रात्री ११ नंतर सुरू होते. नवमीच्या रात्री पोचणाऱ्याला नुसती राख दिसते.

तारखांबद्दल एक सोय सांगून ठेवते. चिनी महिना अमावास्येला सुरू होतो आणि १५ तारीख पौर्णिमेच्या आसपास येते, म्हणून आपलं अमान्त पंचांग वाचणाऱ्याला अंदाज पटकन येतो. सातव्या महिन्याची १५ तारीख म्हणजे भुतांच्या महिन्याचा मुख्य दिवस. त्याला हॅलोविनचा चिनी अवतार म्हणणं अन्यायाचं आहे. भीती घालून मजा करण्याचा तो दिवस नाही. बेवारस मृतांना जेवण देण्याचा तो दिवस आहे, आणि तैवानमध्ये त्यांना भूत न म्हणता आदराने ‘चांगले भाऊ’ म्हणतात. ताटात फळं ठेवताना तिथे एक पथ्य पाळतात: केळी, आलुबुखार, नासपती आणि अननस एकत्र ठेवत नाहीत. तिथल्या बोलीत त्या नावांची ओळ ‘तुला बोलावतोय, ये’ अशी ऐकू येते. जेवू घालायचं असतं, घरात राहायला बोलवायचं नसतं.

कागदाचा नियम सोपा आहे. सोनेरी पत्रा लावलेला कागद देवांचा, रुपेरी पूर्वजांचा आणि भुतांचा. दुकानात ‘पूजेचा कागद’ एवढंच मागितलं तर चुकीचा गठ्ठा हातात पडू शकतो. कोणासाठी हवाय ते सांगावं. सोनेरीतही दर्जे आहेत, आणि सगळ्यात मोठा कागद जेड सम्राटाचा.

देवळात शिरतानाही दिशा असते. मधलं दार देवाचं. आपण देवळाकडे तोंड करून उभे असलो तर उजव्या हाताच्या, म्हणजे ड्रॅगनच्या दाराने आत जायचं आणि डाव्या, वाघाच्या दाराने बाहेर यायचं. उंबऱ्यावर पाय न देता ओलांडायचं. आधी अंगणातल्या मोठ्या धूपपात्रापाशी आकाशाकडे तोंड करून नमस्कार, मग मुख्य देव, मग बाजूचे. तैवानच्या मोठ्या देवळांत धूपपात्रांना क्रमांकच दिलेले असतात. धूपकाडीची ज्योत तोंडाने फुंकत नाहीत, हात हलवून विझवतात. भाताच्या वाटीत चॉपस्टिक्स उभ्या का खोचू नयेत, याचं कारणही इथेच सापडतं: मृताच्या भातात काड्या तशाच उभ्या खोचलेल्या असतात.

मूर्तीपेक्षा धूपपात्र मोठं, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. नवं देऊळ उभं करायचं तर जुन्या देवळाच्या धूपपात्रातली राख आणून नव्यात घालतात. त्या राखेने आई-मुलीचं नातं तयार होतं, आणि मुलीचं देऊळ ठरावीक काळाने माहेरी जाऊन येतं. मात्सूच्या तैवानमधल्या प्रसिद्ध यात्रांमागे हेच माहेरपण आहे. ताच्या नावाच्या गावातली यात्रा नऊ दिवस आणि आठ रात्रींची असते, ३०० किलोमीटरहून जास्त अंतर बहुतेक पायी. मूर्ती सुतार-चित्रकाराकडून आली की तीही लगेच देव होत नाही. पाठीत ठेवलेल्या पोकळीत पवित्र वस्तू भरून ती बंद करतात, मग शेंदरी रंगाने डोळ्यांत ठिपका देतात. हे झाल्याशिवाय ती नुसतं लाकूड. म्हणून दुकानातल्या शोभेच्या मूर्तीला देव समजून घाबरू नये आणि प्रतिष्ठित मूर्तीला शोभेची वस्तू समजून हात लावू नये. भेट म्हणून देतात तो लाफिंग बुद्धा याच गटातला. तो गौतम बुद्ध नाहीच. तो बुदाई, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चच्यांग प्रांतात झोळी घेऊन फिरणारा भिक्षू, ज्याला लोकांनी मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानलं. पोट चोळलं की पैसा येतो ही पुढची भर.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कौल लावताना. दोन लाकडी चंद्रकोरी असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. फुच्यानच्या बोलीत त्यांना ‘पोए’ म्हणतात. हातात धरून देवाला आपलं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि प्रश्न सांगायचा, मग छातीच्या उंचीवरून सोडायच्या. एक सपाट वर आणि एक फुगीर वर पडली तर होकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसतोय: प्रश्न नीट मांडलेला नाही, पुन्हा विचार. दोन्ही फुगीर वर आल्या तर नकार. महत्त्वाच्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात. दोन्ही बाजू सारख्याच शक्यतेने पडतात असं धरलं तर एका होकाराची शक्यता निम्मी आणि लागोपाठ तिनांची आठात एक, म्हणजे कौल सहज मिळत नाही. प्रश्न नेहमी हो-नाहीचा असावा. ‘नोकरी करू की धंदा?’ याला चंद्रकोरी उत्तर देऊ शकत नाहीत. मग हसणारा कौल येत राहतो आणि माणूस वैतागतो. नकार मिळाल्यावर तोच प्रश्न तसाच पुन्हा विचारणं अनादर समजतात. प्रश्न बदलून विचारता येतो.

चिठ्ठीच्या काड्यांचंही असंच. डबा हलवून ६० किंवा १०० क्रमांकित काड्यांतली एक काढायची, पण तैवानमध्ये ती काडी खरी का हे आधी पोएने विचारून घ्यावं लागतं. होकार नसेल तर काडी परत डब्यात. दोन काड्या एकदम पडल्या तर दोन्ही परत. पर्यटक ही पायरी गाळतात, पहिल्याच काडीचं पान उचलतात आणि त्यावरची कविता वाचून खूश किंवा उदास होऊन जातात. ती कविताही जुन्या कथेवर बेतलेली असते आणि प्रश्न लग्नाचा, आजाराचा की प्रवासाचा यावर तिचा अर्थ बदलतो. देवळात अर्थ सांगणारा बसलेला असतो तो त्यासाठीच.

धूप, राख, कागद यांवर इतकं लिहिल्यावर हे सगळं काढलं तर पूजाच उरणार नाही, असं वाटेल. तैपेइचं शिंगथ्येन मंदिर ग्वान यूचं आहे. तिथे कागद जाळत नाहीत, मांसाचा नैवेद्य घेत नाहीत, आणि २६ ऑगस्ट २०१४ पासून तिथली धूपपात्रंही काढून टाकली. लोक अजून येतात, दोन्ही हात जोडून उभे राहतात आणि मनातल्या मनात आपलं नाव, पत्ता आणि गाऱ्हाणं सांगतात.